तेलाची विहीर आणि खालचा माणूस

(नाशिक येथे झालेल्या युवक शिबिरातील भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘तेलविहिरींची सुरक्षा’ असं छापलंय. मघाशी बाहेर टपरीवर एक पोरगा दुसऱ्याला म्हणत होता, ‘‘हे काय काढलं आता? नाशकात कुठं आली तेलाची विहीर?’’ मी मागंच उभा होतो. पोराचं बरोबर आहे. नाशिकच्या खाली तेल नाही. आपल्या पायाखाली काळा कातळ आहे, थिजलेल्या लाव्हाचे थरावर थर. तेल आहे मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरच्याही पुढं, समुद्राच्या तळाखालच्या चुनखडीत. 1974 साली ‘सागर सम्राट’ या रिगनं ते शोधलं आणि 1976 पासून ते बाहेर काढलं जातंय. त्याला बॉम्बे हाय म्हणत, आता मुंबई हाय म्हणतात.

मग नाशकात हा विषय कशाला? माझ्याकडं तीन कारणं आहेत.

पहिलं कारण सरळ पोटाचं आहे. आयटीआयमधून फिटर, वेल्डर होऊन बाहेर पडलेली आपली पोरं कंत्राटदारामार्फत समुद्रावर जातात. मीही असाच गेलो. घरी सांगितलं, कंपनीत लागलो. कंपनीत नव्हतो, कंत्राटदाराच्या यादीत होतो. या दोन्हींत काय फरक असतो ते पुढं सांगतो.

दुसरं कारण आपली गोदावरी. त्र्यंबकला उगम पावते, रामकुंडावरून पुढं जाते आणि आंध्रात समुद्राला मिळते. तिच्या त्या मुखाकडच्या मुलखात पासरलापुडी नावाचं गाव आहे. तिथं 8 जानेवारी 1995 रोजी गॅसची विहीर उसळली आणि पेटली. पासष्ट दिवस जळत होती. आसपासच्या लोकांना घरंदारं सोडून हलावं लागलं. एकाच नदीच्या एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला ती माणसं. नाशकात विहीर नाही म्हणून हा विषय आपला नाही, असं कसं म्हणणार?

तिसरं कारण ‘विहीर’ हा शब्द. हा शब्द आपल्यासाठी साधा नाही. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याची ओंजळ उचलली, त्याच्या आधी आणि नंतरही गावोगावच्या विहिरींनी आपल्याला लांब ठेवलं. विहीर खणायला आपण, बाटवायलाही म्हणे आपणच.

माझे वडील विहिरी खणत. सिन्नर, निफाडकडच्या बागायतदारांच्या विहिरी. कातळात भोकं पाडायची, सुरुंग ठासायचे, वाती पेटवायच्या, वर पळायचं आणि आवाज मोजायचे. सात बार भरले तर सात आवाज यायला हवेत. सहाच आले तर खाली उतरायचं नाही. सातवा आत जिवंत असतो. एकदा सहाच आवाज आले. मुकादम म्हणाला, दोन एकदम उडाले असतील, उतर. वडील म्हणाले, मी सहा मोजले, मी उतरणार नाही. त्या दिवसाची मजुरी गेली. घरी आई बोलली, भांडण झालं. दुसऱ्या दिवशी बघतात तर सातव्या भोकात दारू तशीच होती. पुढं त्या विहिरीला पाणी लागलं. त्याच पाण्यासाठी वडिलांनी खाली बसून ओंजळ पुढं करायची आणि वरून मालकाच्या गड्यानं तांब्या ओतायचा. ते सात बार ध्यानात ठेवा. मी त्यांच्याकडं परत येणार आहे.

आता तेलाची विहीर म्हणजे काय ते समजून घेऊ. ती आपल्या आडासारखी नसते. ती बोअर असते. वर दोन-अडीच फूट रुंद, खाली जाता जाता वीतभर, आणि खोली दोन-तीन किलोमीटर. बोअरवेलला आपल्याकडं केसिंग टाकतात, तसंच इथंही पोलादी केसिंग टाकतात. पण एक नाही. मोठ्या केसिंगच्या आत धाकटं, त्याच्या आत आणखी धाकटं. दुर्बिणीच्या नळ्यांसारखं. प्रत्येक केसिंग आणि खडक यांच्यामधल्या फटीत सिमेंट दाबून भरतात. सगळ्यांत आतून एक नळ जातो, त्यातून तेल वर येतं.

खाली तेल आणि गॅस मोठ्या दाबाखाली कोंडलेले असतात. त्यांना वर यायचंच असतं. विहीर खणणं म्हणजे लाखो वर्षं बंद असलेल्या दाराला भोक पाडणं. भोक पाडणं सोपं. पाडलेलं भोक पाच-पन्नास वर्षं आपल्या ताब्यात ठेवणं, हे खरं काम. साहेब लोक त्याला ‘वेल इंटेग्रिटी’ म्हणतात. इंग्रजीत त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, अखंड असणं, कुठं न फुटणं. दुसरा, सचोटी. तेलविहिरीला दोन्ही लागतात, हे मी बघून आलो.

या कामाचा मूळ नियम असा: कुठल्याही क्षणी गॅस आणि माणूस यांच्यामध्ये दोन भिंती हव्यात. एक नाही, दोन. आणि दोन्ही एकमेकींवर न टेकलेल्या. एक पडली तर दुसरी उभी राहिली पाहिजे. आणि पहिली दुरुस्त होईपर्यंत बाकीचं काम बंद.

खणताना पहिली भिंत असते मड. चिखल म्हणून हसू नका. हा हिशेबाचा चिखल असतो. पाण्याचा दाब दर दहा मीटरला चौरस सेंटिमीटरवर एक किलो, म्हणजे दोन हजार मीटर खोल पाण्याच्या खांबाचा दाब दोनशे किलो. समजा खालच्या गॅसचा दाब दोनशे वीस आहे. नुसतं पाणी हरलं. म्हणून त्यात बेंटोनाइटची माती, बॅराइटची जड भुकटी कालवून ते पाण्याच्या सव्वापट जड करतात. खांब झाला अडीचशे किलोचा, गॅस खालीच बसला. पण फार जड केलं तर खडक चिरतो, मड चिरेत पळतो, खांबाची उंची घटते आणि मग गॅस उठतो. कमी केलं तरी मरण, जास्त केलं तरी मरण. मधल्या अरुंद वाटेनं चालायचं असतं.

दुसरी भिंत विहिरीच्या तोंडावर. ब्लोआउट प्रिव्हेंटर. रिगवर सगळे बीओपी म्हणतात. काही टनांचे पोलादी जबडे, एकावर एक रचलेले. काही जबडे नळाभोवती आवळतात, एक जबडा वेळ आली तर नळच कापून तोंड बंद करतो. आणि गॅस आत शिरतोय हे आधी कोणाला कळतं? मडच्या टाकीशी उभा असतो त्या पोराला. जितका मड खाली गेला तितकाच वर आला पाहिजे. टाकीची पातळी उगाच वाढायला लागली, पंप बंद करूनही मड वाहत राहिला, तर खाली कोणीतरी ढकलतंय. याला किक म्हणतात. ती मिनिटांत ओळखली तर तो रोजचा त्रास असतो. नाही ओळखली तर ब्लोआउट. मुंबई हायवरही 1982 च्या जुलैअखेर ‘सागर विकास’ रिगवर विहीर उसळली होती, तेव्हा ती आवरायला परदेशातून माणसं बोलवावी लागली.

तुम्ही म्हणाल, मग एवढी यंत्रं असून विहिरी उसळतात कशा? ऐका.

20 एप्रिल 2010. अमेरिकेजवळ मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ नावाची रिग. विहिरीचं नाव मॅकोंडो. खणून झालं होतं, विहीर तात्पुरती बंद करून निघायचं होतं. तळाशी सिमेंट भरलं. ते धरलंय का हे तपासणारं पथक रिगवर आलेलं होतं. त्याला तपासणी न करताच परत पाठवलं. वेळ आणि पैसा वाचला. मग दाबाची चाचणी घेतली. नळावर 1400 पीएसआय दाब दिसला, शेजारच्या छोट्या नळीत शून्य. दोन्हीकडं शून्य हवं होतं. म्हणजे सिमेंट गळत होतं. काटा ओरडून सांगत होता. तर तिथल्या जाणत्यांनी काय केलं? काट्यालाच समजावलं. म्हणाले, हा अमुक परिणाम आहे, असं होतं कधी कधी. चाचणी पास. मग वरचा जड मड काढून समुद्राचं हलकं पाणी भरायला घेतलं. म्हणजे सिमेंटची भिंत पडलेली असताना मडची भिंतही आपल्या हातानं पाडली. गॅस वर आला, स्फोट झाला. बीओपीचा कापणारा जबडा ऐन वेळी चालला नाही. पुढं तपासात निघालं, त्याच्या एका नियंत्रण पेटीची बॅटरी कमजोर होती, दुसरीत वायर उलटी जोडलेली होती. अकरा माणसं मेली. तेल थांबायला 87 दिवस लागले. आणि त्याच दिवशी मोठे साहेब रिगवर आले होते, सात वर्षं मोठा अपघात नाही म्हणून कौतुक करायला!

हे अमेरिकेतलं झालं. आता घरचं. आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात बागजान. ऑइल इंडियाची पाच नंबरची विहीर, दुरुस्तीचं काम कंत्राटी रिगवर. 27 मे 2020 रोजी विहीर उसळली. 9 जूनला पेटली. त्या आगीत अग्निशामक दलाचे दोन जवान गेले. हजारो लोक छावण्यांत राहिले, शेजारचं मागुरी-मोटापुंग बील तेलानं माखलं. विहीर पुरती शांत झाली 15 नोव्हेंबरला, म्हणजे साडेपाच महिन्यांनी. चौकशीत काय निघालं? सिमेंटची भिंत पक्की झाली का हे तपासून न घेताच तोंडावरचा बीओपी उचलला. पुन्हा तेच. एक भिंत आहे असं धरून चाललो, दुसरी हातानं काढली.

मित्रांनो, दोन देश, दोन कंपन्या, दहा वर्षांचं अंतर, चूक एकच. यंत्र नव्हतं म्हणून नाही झालं हे. काट्यानं सांगितलेलं ऐकायचं नव्हतं म्हणून झालं. सात बार भरले, सहा वाजले, आणि मुकादम म्हणाला दोन एकदम उडाले असतील. अमेरिकेतला मुकादम इंग्रजीत बोलला, एवढाच फरक.

आता माझं सांगतो. हे मी आजवर भाषणात सांगितलेलं नाही.

विहीर खणून झाली, रिग निघून गेली, तेल यायला लागलं, की लोकांना वाटतं धोका संपला. उलट लांबचा धोका तिथं सुरू होतो. केसिंगला खारं पाणी लागतं, तेलाबरोबर आम्ल वायू येतात, पोलाद झिजतं, सिमेंटला केसासारखी फट पडते. समुद्रातल्या कित्येक विहिरी माझ्याहून वयानं मोठ्या आहेत. त्यांची तब्येत कळते कशावरून? दोन केसिंगांच्या मधल्या पोकळीला एक छोटा काटा बसवलेला असतो, त्यावरून. बाहेरच्या पोकळीत दाब असायला नको. असला, तर वाल्व्ह उघडून सोडायचा आणि बघत बसायचं. गेला तो गेला तर ठीक, तापण्यानं चढला असेल. पण सोडल्यावर पुन्हा चढला, तर कुठून तरी गळतंय. आतली भिंत फुटलीय आणि तुम्ही शेवटच्या भिंतीवर जगताय.

मी एका कंत्राटदाराकडं हे काटे वाचायचं काम करायचो. हातात वही, गळ्यात पास. चौदा दिवस समुद्रावर, चौदा दिवस घरी. एका विहिरीच्या बाहेरच्या काट्यावर वीस किलो दिसले. सोडले, शून्य झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस. वर सांगितलं. उत्तर आलं, काटा बिघडला असेल. मी नवा काटा बसवला. पुन्हा वीस. परत सांगितलं. तर आमचा सुपरवायझर शांतपणे म्हणाला, ‘‘अरे, कशाला डोक्याला ताप? कालचा आकडा टाक.’’

आणि मी टाकला.

अकरा दिवस मी कालचा आकडा टाकत होतो. शून्य, शून्य, शून्य. खाली माझी सही. घरी बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. पास काढून घेतला तर मी कुठं दाद मागणार होतो? कंपनी म्हणणार, हा आमचा माणूस नाही. कंत्राटदार म्हणणार, काम संपलं. माझ्या बापानं एका दिवसाची मजुरी सोडली होती. मला वर्षाचा पगार सोडायचा होता, तो सोडवला नाही. शिकलेला मी होतो. सही करता येत होती मला. बापाला नव्हती येत, पण त्यानं खोटा आकडा मोजला नाही.

पुढच्या पाळीला माझ्या जागी दुसरा पोरगा आला. तोही कंत्राटीच. त्यानं पहिल्याच दिवशी वीस लिहिलं आणि वहीचं पान दाखवत थेट वरपर्यंत गेला. विहीर बंद झाली, दुरुस्ती झाली, गळती निघाली. कोणी मेलं नाही. म्हणून ही गोष्ट कुठल्या पेपरात आली नाही. फक्त त्याच्या पुढच्या यादीत त्या पोराचं नाव नव्हतं.

मी रात्री प्लॅटफॉर्मवर झोपायचो तेव्हा माझ्यासारखी कितीतरी माणसं झोपलेली असायची. मी माझ्या सहीनं त्यांच्या उशाखाली सातवा बार ठेवला होता. हे मला त्या वेळी कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं.

आता तुम्हीच सांगा, विहिरीची सुरक्षा कशात आहे? पोलादात आहे, सिमेंटात आहे, मडच्या वजनात आहे. हे सगळं खरं. पण पोलाद ठीक आहे की नाही हे सांगणारा आकडा सगळ्यांत खालचा माणूस लिहितो. त्याला खरं लिहायची भीती वाटत असेल तर करोडो रुपयांची विहीर एका खोट्या शून्यावर उभी आहे. खालच्या माणसाची भीती ही विहिरीतली गळती आहे. तिला कुठला काटा बसवणार?

आणि खालच्या माणसाचा जीव इथं कसा मोजला जातो ते बघा. 27 जुलै 2005. आदल्या दिवशी मुंबई पावसात बुडाली होती. मुंबई हायवर एका जहाजातल्या स्वयंपाक्याची बोटं कापली. त्याला उपचाराला प्लॅटफॉर्मवर चढवायचं होतं. खवळलेल्या समुद्रात जहाज प्लॅटफॉर्मला खेटलं आणि त्यानं राइझरला, म्हणजे समुद्रतळावरून गॅस वर आणणाऱ्या उभ्या नळाला धडक दिली. नळ फुटला, आग लागली, आणि दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म वितळून समुद्रात गेला. 22 माणसं मेली. गॅसचे नळ जहाज लागतं त्याच बाजूला आणि त्यांच्यापुढं धड आडोसा नाही, हे काय त्या दिवशीच कळलं? समुद्रातल्या तेलकामासाठी सुरक्षेचे वेगळे नियम आले 2008 साली. आधी माणसं जळाली, मग कागद आला.

17 मे 2021. तौक्ते वादळ. इशारा दिवस आधी आलेला. तरी पी-305 नावाचा तराफा, कामगारांची राहायची जागा, समुद्रातच राहिला. त्यावर 261 माणसं. नांगर तुटले, तराफा भरकटला, आदळला, बुडाला. सत्तरहून अधिक माणसं मेली. बहुतेक कंत्राटी. बंदरात परत आणायला जो खर्च आला असता तो वाचला.

कोणी म्हणेल, हे सगळ्याच जातींच्या कामगारांचं दुखणं आहे, आपल्या चळवळीत कशाला? बरोबर, त्या तराफ्यावर सगळ्या जातींचे होते. पण मी तुम्हाला एका वायूची गोष्ट सांगतो. हायड्रोजन सल्फाइड. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास. जास्त झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो, माणसाला वाटतं गेला. आणखी वाढला की दोन श्वासांत माणूस आडवा. तेलविहिरीत हा वायू असू शकतो, म्हणून रिगवर जागोजागी त्याचे यंत्र असतात. हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग झाले की भोंगा वाजतो, मास्क चढतात, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी बघून सगळे पळतात. मी ते शिकलोय. आणि हाच वायू, अगदी हाच, शहरांच्या गटारात असतो. तिथं कोण उतरतं तुम्हाला माहीत आहे. त्याच्या कमरेला दोर असतो, कधी तोही नसतो. 2013 साली कायदा झाला, तरी माणसं उतरवली जातात आणि मरतात. म्हणजे विज्ञान या देशात आहे. यंत्र आहे, मास्क आहे, दहाचा आकडा ठाऊक आहे. तेल वाचवायचं असतं तेव्हा ते बाहेर निघतं. आपला माणूस वाचवायचा असतो तेव्हा गोदामात राहतं. म्हणून मला वाल्व्हवर बोलायचंय. आपल्याला अत्याचारावर बोलता येतं. यंत्रावर, कायद्यावर, आकड्यावर बोलता आलं नाही, तर ते बोलणं दुसरे करतील आणि आपण नुसती सही करू.

मग करायचं काय? नुसता संताप करून मी खाली बसणार नाही.

जी पोरं समुद्रावर, रिफायनरीत, गॅसच्या प्लांटात, कुठंही जाणार असतील, त्यांनी कामाला हात लावण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. माझ्यात आणि गॅसमध्ये आज कोणत्या दोन भिंती आहेत? त्या कधी, किती दाबाला तपासल्या आणि तपासल्याचा कागद कुठं आहे? याचं उत्तर नसेल तर काम सुरू नाही. 6 जुलै 1988 रोजी ब्रिटनजवळच्या समुद्रात पायपर अल्फा प्लॅटफॉर्म जळाला, 167 माणसं मेली. एका पंपाचा सुरक्षा वाल्व्ह दुरुस्तीला काढलेला होता, पण ते सांगणारा कागद रात्रपाळीपर्यंत पोचला नाही. रात्रपाळीनं पंप चालू केला. कागद म्हणजे बाबूगिरी नाही, दोस्तांनो. त्या कागदात माणसं असतात.

दुसरं, आकडा आपला लिहायचा. जो दिसला तो. आणि एकट्यानं नाही लिहायचा. मी एकटा होतो म्हणून घाबरलो. त्या पोराबरोबर मी उभा राहिलो असतो तर त्याचं नाव यादीतून काढणं जड गेलं असतं. चौघांनी मिळून वीस लिहिलं तर चौघांना काढायला कारण द्यावं लागतं.

तिसरं, ‘काम थांबवा’ म्हणायचा हक्क. भिंतीवरच्या पोस्टरवर तो सगळीकडं छापलेला असतो, इंग्रजीत, हसऱ्या माणसाच्या फोटोसकट. तो कंत्राटाच्या कागदात यायला हवा: काम थांबवलं म्हणून पास जाणार नाही, रोज तुटणार नाही. ब्रिटनमध्ये 1989 पासून समुद्रावरचे कामगार आपले सुरक्षा प्रतिनिधी मतदानानं निवडतात. कंत्राटी कामगारांनाही मत असतं. मतदानाचा हक्क काय असतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या बापानं तो घटनेत लिहून दिलाय. तो गेटच्या बाहेर थांबतो, त्याला आत न्यायचं आहे.

चौथं, विहीर तपासणारा माणूस वेगळा हवा. दिवस वाचवल्याची शाबासकी ज्याला मिळते त्याच्या हाताखाली नको. आणि तेल संपलं की विहीर सोडून जायचं नाही. आत सिमेंटची बुचं बसवून, तपासून, कायमची बंद करायची. कारण रिकामी विहीर मेलेली नसते. दाब पुन्हा भरतो. पैसा कमावणारे तोपर्यंत निघून गेलेले असतात, शेजारी राहणारे तिथंच असतात.

मी आता समुद्रावर जात नाही. इथंच एका वर्कशॉपमध्ये आहे. दर रविवारी आयटीआयची काही पोरं माझ्याकडं येतात, त्यांना मी काटा वाचायला शिकवतो. सोपं काम आहे, अर्ध्या तासात येतं. दिसला तोच आकडा लिहायला मात्र वेळ लागतो, ते मलाच उशिरा आलं. वडील गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. हे अकरा दिवसांचं मी त्यांना कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं. ज्यांना समुद्रावर जायचंय त्यांनी कार्यक्रम झाल्यावर थांबा. मी वही आणलीय, तुमची नावं लिहून घेतो. एकटं कोणी जायचं नाही.

जयभीम.